अँजिओप्लास्टीनंतर जिना : चढायचा की घर विकायचं?

अबोली६६ (६ जानेवारी, दुपारी ३.१०)

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे हे ७१ वर्षांचे. रेल्वेत मोटरमन होते. सप्टेंबरात पहाटे छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, घाम फुटला, दवाखान्यात नेलं तर अटॅकच निघाला. लगेच अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट, मनगटातून केली. चौथ्या दिवशी घरी. डॉक्टर म्हणाले, "काका, आता नॉर्मल आयुष्य जगा." नॉर्मल म्हणजे काय हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.

आम्ही डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. घरी आलो त्या दिवशी सोसायटीतल्या चार मुलांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. तेव्हापासून हे खाली उतरलेत फक्त दोनदा, तपासणीला, आणि दोन्ही वेळा परत खुर्चीतूनच वर. बाकी दिवसभर खिडकीपाशी. पेपर, टीव्ही, पुन्हा पेपर. पाण्याचा तांब्यासुद्धा मी हातात नेऊन देते. मुलगा बंगळूरला आहे, तो म्हणतो हे घर विकू आणि लिफ्टवालं बघू. नणंदबाई रोज फोनवर बजावतात, दादाला दमवू नकोस.

परवा आंघोळीनंतर बघितलं तर मांड्या पार सुकल्यात. साडेतीन महिन्यांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला. जिना खरंच इतका वाईट असतो का? कुणाला अनुभव?

टेकडीकर (६ जानेवारी, दुपारी ४.०२)

ताई, काही होत नाही. मी ७४ चा आहे. रोज पहाटे साडेपाचला वेताळ टेकडी, रविवारी सिंहगड. एक गोळी नाही. सगळं मनाचं असतं. त्यांना म्हणावं उठा आणि चालायला लागा.

खोचक (६ जानेवारी, दुपारी ४.१५)

सिंहगड पाचव्या प्रतिसादापर्यंत येईल अशी माझी स्वतःशी पैज होती. पहिल्यातच आला. हलके घ्या टेकडीकर, पण ज्याला अटॅक आला नाही त्याने अटॅक आलेल्याला "मनाचं असतं" सांगू नये.

निवृत्त_नाडी (६ जानेवारी, संध्या. ६.४०)

मी चाळीस वर्षं साताऱ्याकडे फिजिशियन होतो, आता प्रॅक्टिस बंद. इथून इलाज सांगणार नाही, पण काही गोष्टी विचारतो. डिस्चार्जच्या कागदावर 'ईएफ' म्हणून टक्केवारी असेल, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ती किती? डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी, केली का, किंवा करू म्हणाले का? आणि गोळ्या कोणत्या?

तोवर एक जुनी गोष्ट. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट पोरांना, सगळे विशीतले, तीन आठवडे पलंगावर नुसतं झोपवून ठेवलं आणि आधी-नंतर दमसास मोजला. तीस वर्षांनी तीच पाच माणसं शोधून पुन्हा मोजली. पोटं सुटलेली, पन्नाशी उलटलेली. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या दमसासाची जेवढी हानी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती. ही विशीतल्या पोरांची कथा. तुमच्या यजमानांचे पंधरा आठवडे झालेत.

आमच्या तरुणपणी अटॅकच्या पेशंटला आम्हीही आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचो. चुकत होतो.

अबोली६६ (६ जानेवारी, रात्री ८.५५)

डॉक्टरसाहेब, कागद काढून बघितला. ईएफ ५० लिहिलंय. स्ट्रेस टेस्ट केलेली नाही, "फेब्रुवारीत बघू" म्हणालेत. गोळ्या : रक्त पातळ करायच्या दोन, रात्री कोलेस्टेरॉलची, मेटोप्रोलॉल, बीपीची आणि एक पित्ताची. शिवाय जिभेखाली ठेवायची छोटी गोळी, ती उशाशीच असते.

निवृत्त_नाडी (६ जानेवारी, रात्री ९.३०)

५० म्हणजे पंप बऱ्यापैकी शाबूत आहे. हृदय दुरुस्त झालंय, पाय मात्र आपण घरी बसून घालवले. डॉक्टरांना फोन करून दोनच प्रश्न स्पष्ट विचारा : "चालायला आणि जिना चढायला परवानगी आहे का? स्ट्रेस टेस्ट आधी करायची का?" चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे पुढचा पेशंट आत आला तरी विसरणार नाही.

आणि हो, मेटोप्रोलॉल चालू असताना 'कमाल नाडी म्हणजे २२० वजा वय' वगैरे गणितं लागू पडत नाहीत. ती गोळी नाडी वाढूच देत नाही. मुलाने घड्याळ घेऊन दिलं असेल तर वेळ बघायला वापरा. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की पुरे.

वाचाळ (७ जानेवारी, सकाळी ७.२०)

मोटरमन म्हटल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा नीट दाखवला गेला तो बसवाल्यांमुळे. लंडनच्या दुमजली बसेस. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरखाली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने हजारो जणांच्या नोंदी तपासल्या तर कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि आला तरी सौम्य. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. मॉरिससाहेब स्वतः ९९ वर्षं जगले.

म्हणजे वहिनी, ह्यांनी नोकरीभर गाडी बसून चालवली. निवृत्तीनंतर तरी कंडक्टर करा त्यांना.

डबल_बेल (७ जानेवारी, सकाळी ११.०५)

वाचाळ, मी बेस्टचा कंडक्टर. २७ वर्षं. त्यातली बरीच डबलडेकरवर, वरच्या मजल्यावर दिवसात किती वेळा चढलो त्याचा हिशोब नाही. ५८ व्या वर्षी बायपास झाली. तीन नळ्या.

कारण सांगतो. गायछाप. खिशात चुन्याची डबी. आणि पाळी संपली की वडापाव. जिने चढल्याने तंबाखू माफ होत नाही हे मला कुणी लंडनहून सांगितलं नव्हतं.

बायपासनंतर मला दवाखान्यातच पोरीने, म्हणजे फिजिओथेरपीवालीने, छातीशी उशी धरून खोकायला शिकवलं आणि पाचव्या दिवशी जिन्याच्या आठ पायऱ्या चढवल्या. घाबरून माझे पाय लटपटत होते. ती म्हणाली, काका, बसमध्ये काय करत होता? त्यानंतर भीती गेली. वहिनी, भीती कुणाबरोबर तरी चढल्याने जाते, समजावून जात नाही.

वाचाळ (७ जानेवारी, सकाळी ११.३०)

दंडवत घ्या काका. आणि तुमच्या मुद्द्याला जोड : मॉरिसने नंतर गणवेशांच्या मापांचे कागद तपासले. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला पहिल्यापासूनच मोठ्या! म्हणजे सगळं श्रेय जिन्याचं नव्हतं, मुळात जाड माणसं सीटवर बसत होती. हे त्याने स्वतःच १९५६ मध्ये छापलं. असा माणूस मला आवडतो.

बर्फातला_मावळा (७ जानेवारी, रात्री ८.१५)

टोरांटोहून. मला ६३ व्या वर्षी स्टेंट बसला. इथे डिस्चार्जबरोबरच कार्डिॲक रिहॅबची, म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठी देखरेखीखालच्या व्यायामाची, चिठ्ठी मिळते. आठवड्यातून एकदा जायचं, बाकी दिवस घरी चालून वहीत लिहायचं. ह्या गावाला त्याची परंपराच आहे. १९७३ साली इथल्या एका डॉक्टरने अटॅक येऊन गेलेले काही पेशंट तयार करून बोस्टन मॅरेथॉन पळवले होते. आणि पंजाबी धावपटू फौजासिंगांनी शंभरी ओलांडून मॅरेथॉन पूर्ण केली तीही इथेच, २०११ मध्ये.

पण मी त्याच्या उलट बाजूची गोष्ट सांगायला आलो. इथे जोराचा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांना अटॅक येतात. महिनोन्‌महिने सोफ्यावर बसलेला माणूस एकदम उठून गारठ्यात फावड्याने जड बर्फ उपसायला जातो. आपल्याकडे बर्फ नाही, पण गणपतीच्या आधी माळा साफ करणं आहे, लग्नघरात गाद्या वाहणं आहे. सवय नसताना एकदम केलेलं काम मारतं. तेव्हा टेकडीकरांचं "उठा आणि चालायला लागा" हे उद्यापासून लगेच तीन मजले असं समजू नका.

हिवाळ्यात आम्ही म्हातारे मॉलमध्ये चालतो. दुकानं उघडायच्या आत दरवाजे उघडतात. खिशाला तोशीस नाही.

टेकडीकर (७ जानेवारी, रात्री ८.५०)

मान्य. माझा प्रतिसाद घाईत लिहिला होता.

सांधेवाली (८ जानेवारी, सकाळी १०.१०)

मी फिजिओथेरपिस्ट, ठाण्यात. आधी डॉक्टरांची परवानगी, मगच खालचं सगळं.

अबोलीकाकू, काकांना हात नसलेल्या टणक खुर्चीत बसवा, खुर्ची भिंतीला टेकलेली. हात छातीवर दुमडून उभं राहायचं, बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या पुरुषाला १२ तरी जमायला हवं. कमी आलं तर घाबरायचं नाही, तोच व्यायाम. दिवसातून तीनदा, पाच-पाच वेळा, मग वाढवत न्यायचं. शिवाय ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाबरोबर स्नायूंच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे करायला सांगते. तोल गेला आणि खुबा मोडला की हृदयाची सगळी मेहनत पाण्यात. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना पडणं तर फारच महागात जातं.

आता जिना. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा घोळ असा की तो ताजातवाना असताना उतरतो आणि दमल्यावर चढतो. वाटेत नकोसं झालं तरी घर वरच असतं. म्हणून मी माझ्या पेशंटांना उलटं करायला सांगते. तुमच्या वर गच्ची असेल ना? आधी गच्चीच्या दिशेने चढवा. पहिल्या दिवशी चारच पायऱ्या. दमले तर घर खाली आहे. कठडा धरायचा, पायरी चढताना श्वास सोडायचा, दम रोखून धरायचा नाही. जेवणानंतर तासभर नाही. अर्ध्या जिन्यावर स्टूल ठेवून द्या. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

थांबायचं कधी : छातीत, जबड्यात, हातात किंवा पाठीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, घाम फुटला, बोलता येईना इतका दम लागला. लगेच बसायचं. जिभेखालची गोळीसुद्धा बसूनच घ्यायची, तिने बीपी उतरतं आणि उभा माणूस पडतो. आणि ती उशाशी काय कामाची? शर्टाच्या खिशात हवी.

तुपाळ_खिचडी (८ जानेवारी, दुपारी १.४०)

व्यायाम ठीक आहे पण तेल कोणतं वापरता? मुळात रिफाइंड तेलानेच सगळं वाटोळं झालं. घाण्याचं शेंगदाणा किंवा करडई, आणि साजूक तूप...

खोचक (८ जानेवारी, दुपारी १.५२)

आलं तेल. तेलाचा वेगळा धागा काढा हो, तिथे शंभरी नक्की होईल.

(मधले अकरा प्रतिसाद तेल, तूप आणि लोणी यांवर झाले, ते तिकडेच वाचा.)

निवृत्त_नाडी (८ जानेवारी, संध्या. ५.३०)

तेलावर भांडताना मीठ सगळे विसरतात. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं सांगितलं जातं. आपल्या ताटात डावीकडचा लोणचं-पापडच त्यातला मोठा वाटा घेऊन बसलेला असतो.

पण मी वेगळ्या कारणासाठी आलो. अबोलीताई, तुमचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. दूध, भाजी, औषधं, बँक, सगळं तुम्हीच आणत असणार. तुमच्या टोपणनावात ६६ आहे, ते वय असेल तर विचारतो : तुम्ही हे तीन मजले दिवसातून किती वेळा चढता, आणि चढताना तुम्हाला काय होतं?

अबोली६६ (८ जानेवारी, रात्री १०.२०)

मला काय होणार? चार-पाच वेळा होतात. दिवाळीपासून दुसऱ्या मजल्यावर जोशांच्या चपलांच्या कपाटापाशी थांबावं लागतं, पिशव्या खाली ठेवते, दोन मिनिटं उभी राहते. पाठीत दोन खांद्यांच्या मधे आवळून येतं, थांबलं की जातं. पिशव्यांच्या ओझ्याने असेल. मसाजचं तेल लावते.

सांधेवाली, ह्यांचं खुर्चीतून उठणं मोजलं. पाच.

निवृत्त_नाडी (८ जानेवारी, रात्री १०.३१)

ताई, हा धागा आता तुमचा आहे.

चढताना येतं, थांबल्यावर जातं. असं दुखणं पाठीचं आहे हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचंच धरायचं. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये ते छातीत यायलाच हवं असं नाही. पाठ, जबडा, नुसता दम, नुसता थकवा, असंही येतं, आणि म्हणून ते तेल लावण्यात जातं. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. ईसीजी, बीपी, हिमोग्लोबिन. उद्या पिशव्या नाहीत. बसल्याजागी दुखलं, किंवा थांबूनही गेलं नाही, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन. मुलाला आत्ता कळवा.

डबल_बेल (८ जानेवारी, रात्री १०.४०)

वहिनी, मी कल्याणला राहतो. सोबत कुणी नसेल तर इथे मेसेज टाका, मी आणि मिसेस सकाळी येतो.

सांधेवाली (८ जानेवारी, रात्री १०.४४)

मी काकांच्याच मांड्या बघत बसले. काकू, जा नक्की.

अबोली६६ (१९ जानेवारी, दुपारी ४.३०)

उशीर झाला, सगळ्यांनी विचारलंत, वाचत होते पण टाइप करायचं त्राण नव्हतं.

बीपी १७८/९६ निघालं. हिमोग्लोबिन ८.७. ईसीजीत थोडी गडबड म्हणाले, मग मुलगा आला आणि अँजिओग्राफी झाली. एका नसेत मध्यम अडथळा आहे, स्टेंटची गरज नाही, गोळ्यांवर ठेवलंय. रक्त कशामुळे कमी झालं त्याच्या तपासण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी, बीपी जास्त आणि त्यात रोज पाच वेळा तीन मजले ओझं घेऊन, हृदयाने तक्रार नाही करायची तर काय. एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं, स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवेना. ह्यांचं मात्र रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहीत होते. मशीन घरातच होतं. पट्टा फक्त कधी माझ्या दंडाला बांधला नाही.

डबल_बेल भाऊ, तुमचे आणि वहिनींचे उपकार कसे फेडू. (हे दोघं खरंच सकाळी साडेसातला दारात होते. मंडळींनी नोंद घ्यावी.)

ह्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठीवरचे प्रश्न विचारले. स्ट्रेस टेस्ट लगेच करून घेतली, ठीक आली. जिन्याला हरकत नाही म्हणाले.

बर्फातला_मावळा (१९ जानेवारी, रात्री ८.०५)

वाचून हायसं वाटलं. काळजी घेणारं माणूस आजारी पडतं हे आमच्या रिहॅबमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. बायको किंवा नवरा सोबत असेल तर त्यांचंही बीपी मोजतात.

अबोली६६ (२ मार्च, संध्या. ७.१५)

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

हे आधी तयारच नव्हते. मी दवाखान्यातून आल्यावर दोन दिवस मुलाने भाजी आणली, मग तो बंगळूरला गेला. तिसऱ्या दिवशी हे न बोलता शर्ट घालून दारात उभे. म्हटलं कुठे? तर म्हणे गच्चीकडे चार पायऱ्या, तुझ्या त्या बाईंनी सांगितल्यात ना. कठडा असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. चार झाल्या, मग स्टुलावर बसले. दुसऱ्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या आठवड्यात गच्ची.

आमच्या गच्चीवरून रुळ दिसतात हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. आता संध्याकाळी ऊन कलल्यावर अर्धा तास टाकीभोवती फेऱ्या मारतात आणि कोणती गाडी किती मिनिटं लेट आहे ते मला ऐकवतात. खुर्चीतून उठणं ११ वर आलंय. गेल्या आठवड्यापासून खाली जाऊन दूध आणतात, एकाच पिशवीतून, वर येताना प्रत्येक मजल्यावर थांबून. जोशांच्या कपाटापाशी आता त्यांचं स्टूल आहे. जोशीबाईंनी कुरकुर केली, मग त्याही त्यावर बसायला लागल्या.

मी ओझं उचलत नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन १०.४ झालं. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं सांगितलीत, जिना हळू. पाठीत आता येत नाही.

घर विकायचं सध्या बारगळलं आहे. एक शंका : हे चपला घालून गच्चीवर जातात, त्या सटकतात असं मला वाटतं. बूट घेतले तर कसले घ्यावेत?

सांधेवाली (२ मार्च, रात्री ९.००)

११! वा काका. चपला लगेच बंद. मागून बंद असलेले, नाडीऐवजी चिकटपट्टीचे, तळ पातळ आणि न घसरणारा. फार फोमचे मऊ घेऊ नका, त्यात जमीन कळत नाही आणि तोल जातो. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर येतं. आणि पायांवरची सूज एकदम वाढली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलोने वाढलं तर तो बुटांचा प्रश्न नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

डबल_बेल (२ मार्च, रात्री ९.२५)

डोंबिवली स्टेशनजवळ मिळतात तसले. मोटरमनसाहेबांना म्हणावं मी रविवारी येतो, दोघं मिळून जाऊ. येताना जिना मोजू.

टेकडीकर (३ मार्च, सकाळी ६.१०)

अवांतर : हा धागा वाचून परवा बीपी मोजलं. १६२/९०. एक गोळी नाही म्हणत होतो, आता एक आहे.